घटस्फोटाची नोंद कोणाच्या दप्तरी?

‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेत घटस्फोटित आणि परित्यक्ता महिला २०२४ पासूनच आहेत. २०२५ मध्ये ई-केवायसी आली आणि तिच्यात पतीचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला गेला. ज्यांना यातला एकही देता येत नव्हता अशा घटस्फोटित महिलांकडून घटस्फोटाचे प्रमाणपत्र किंवा न्यायालयाचा आदेश मागण्यात आला. यातला दुसरा कागद खरोखर असतो. पहिला, म्हणजे जन्माच्या किंवा विवाहाच्या दाखल्यासारखा घटस्फोटाचा दाखला, महाराष्ट्रातली ग्रामपंचायत देत नाही, नगरपालिका देत नाही आणि महानगरपालिकाही देत नाही. विवाह नोंदणीच्या खिडकीवर तो मागायला गेलेल्या माणसाला ‘कोर्टात जा’ हे उत्तर मिळते. उत्तर बरोबर आहे, पण कोणत्या कोर्टात, कोणत्या वर्षाच्या दप्तरात, आणि अर्ज कोणी करायचा, हे सांगणे त्या खिडकीचे काम नाही.

लग्नाची नोंद एका कार्यालयात आणि ते मोडल्याची नोंद दुसऱ्या कार्यालयात, आणि दोन्ही दप्तरांची एकमेकांशी गाठ नाही, असा हा मामला आहे. पुनर्विवाह, निवृत्तिवेतन, वारसाहक्क, परदेशी व्हिसा अशा प्रत्येक ठिकाणी त्याचा त्रास होतो. केंद्र सरकारच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचेच पाहा. आईवडिलांच्या हयातीत घटस्फोटाची कार्यवाही सुरू झाली असेल, तर निकाल त्यांच्या मृत्यूनंतर लागला तरी मुलगी पात्र ठरू शकते, असे २०१७ मध्ये स्पष्ट झाले. म्हणजे हुकूमनाम्याइतकीच अर्ज दाखल केल्याची तारीखही महत्त्वाची, आणि ती सिद्ध करायची तर जुने दप्तर उघडावे लागते.

मागचा इतिहास

महाराष्ट्रातल्या अनेक जातींत काडीमोड आणि फारकत कायद्याच्या आधीपासून होती. ती जातपंचायतीसमोर होई आणि साक्ष असे ती पंचांच्या आठवणीची, फार तर फारकतीच्या कागदाची. हिंदूंसाठी घटस्फोटाचा लिखित कायदा संस्थानांपैकी बडोद्यात १९३१ मध्ये, तर मुंबई प्रांतात १९४७ मध्ये आला. देशभराचा हिंदू विवाह कायदा १९५५ चा. ख्रिस्ती विवाहांसाठी १८६९ चा आणि पारशांसाठी १९३६ चा कायदा आधीच होता. या सर्वांत घटस्फोट हे न्यायालयाचे काम ठरले आणि त्याची नोंद न्यायालयाच्या दप्तरात राहिली.

विवाहनोंदणीचा प्रवाह वेगळा वाहत राहिला. मुंबई राज्याने १९५३ मध्ये विवाहनोंदणीचा कायदा केला. त्याची जागा पुढे महाराष्ट्र विवाह मंडळांचे विनियमन व विवाह नोंदणी कायदा, १९९८ याने घेतली. शहरात महापालिकेची विभाग कार्यालये आणि खेड्यात ग्रामसेवक हे काम पाहतात. फेब्रुवारी २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्वधर्मीयांचे विवाह सक्तीने नोंदवण्याचे निर्देश दिले, तेव्हा महाराष्ट्राकडे यंत्रणा आधीपासून होती. गंमत अशी, की १९९८ च्या कायद्याने वधूवर सूचक केंद्रांवरही देखरेख आणली, पण लग्न मोडल्यावर नोंदवहीत काय लिहायचे याचा विचार केला नाही.

तरीही घटस्फोट पालिकेच्या दप्तरात एका वाटेने येतो. दोघांपैकी कोणी पुन्हा लग्न करून ते नोंदवायला गेले, की अर्जात अविवाहित, विधवा किंवा विधुर, घटस्फोटित यांपैकी काय ते लिहावे लागते आणि हुकूमनाम्याची प्रत जोडावी लागते. पहिल्या लग्नाच्या पानावर मात्र काही बदलत नाही. कागदोपत्री ते लग्न तसेच उभे राहते आणि त्याचा दाखला कोणी मागितला तर तो मिळतोही.

शोध कुठून सुरू करायचा

ज्याच्या हाती खटल्याचा क्रमांक आहे त्याचे काम सोपे आहे. ज्याच्याकडे फक्त दोन नावे आणि अंदाजे वर्ष आहे त्याला आधी न्यायालय ठरवावे लागते. हिंदू विवाह कायद्याप्रमाणे अर्ज चार-पाच ठिकाणी होऊ शकतो: लग्न जिथे लागले तिथे, पतिपत्नी शेवटचे एकत्र राहिले तिथे, प्रतिपक्ष राहतो तिथे, आणि २००३ च्या दुरुस्तीनंतर अर्जदार पत्नी असेल तर ती राहते तिथेही. सातारचे लग्न, ठाण्याचा संसार आणि नागपूरचे माहेर असेल, तर तीन जिल्ह्यांची दप्तरे धुंडाळावी लागू शकतात.

मग वर्ष पाहायचे. मुंबईत कुटुंब न्यायालय वांद्र्याला १९८९ मध्ये सुरू झाले. त्याआधीचे हिंदू घटस्फोट शहर दिवाणी न्यायालयाच्या दप्तरात असतात. ख्रिस्ती दाम्पत्याचे प्रकरण असेल तर २००१ ची दुरुस्ती लक्षात ठेवावी: तोवर जिल्हा न्यायालयाच्या हुकुमावर उच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब लागत असे, त्यामुळे अंतिम कागद जिल्ह्याऐवजी उच्च न्यायालयात सापडण्याचा संभव आहे. जिथे कुटुंब न्यायालय नाही तिथे अजूनही वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालय हे काम पाहते. आणि १ मे २०२३ च्या घटनापीठाच्या निकालानंतर सर्वोच्च न्यायालय अनुच्छेद १४२ खाली थेट घटस्फोट देऊ शकते, हे आता पक्के झाले आहे. अशा जोडप्याच्या खालच्या न्यायालयातल्या फाइलमध्ये घटस्फोटाचा हुकूमनामा सापडणारच नाही.

खटल्याच्या क्रमांकातली अक्षरेही बोलतात. राज्यातल्या कुटुंब न्यायालयांत घटस्फोटाच्या लढतीच्या अर्जाला ‘ए’ आणि संमतीच्या अर्जाला ‘एफ’ लावण्याची पद्धत आहे. दिवाणी न्यायालयात ‘एच.एम.पी.’ असते. ई-कोर्ट्स प्रकल्पानंतर प्रत्येक खटल्याला सोळा अक्षरांकांचा सीएनआर क्रमांक मिळतो. तो हाती असेल तर न्यायालय, वर्ष आणि टप्पा मिनिटभरात कळतो. नावावरूनही शोधता येते, पण मराठीत एक असलेले नाव इंग्रजीत चार तऱ्हांनी लिहिले जाते, हे ध्यानात ठेवून चारही तऱ्हा टाकून पाहाव्यात. संगणकाआधीच्या खटल्यांसाठी मात्र अभिलेखागारातली हस्तलिखित नोंदवही आणि तिथल्या कारकुनाचा अनुभव यांवरच भिस्त. हा अनुभव कोणत्याही प्रणालीत उतरलेला नाही, आणि ती माणसे एकेक करून निवृत्त होत आहेत.

नक्कल कोणाला मिळते

पक्षकाराचा हक्क निर्विवाद आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३(४) प्रमाणे हुकूमनाम्याची एक प्रत दोघांनाही मोफत मिळायला हवी. पुढच्या प्रतींसाठी नक्कल विभागात अर्ज, मुद्रांक आणि पानांप्रमाणे शुल्क. प्रमाणित प्रतीवर अर्ज केल्याची, प्रत तयार झाल्याची आणि दिल्याची अशा तारखा असतात. त्या निव्वळ औपचारिक नाहीत, अपिलाची मुदत मोजताना त्यांचा उपयोग होतो. ही मुदत टळेपर्यंत किंवा अपील निकाली निघेपर्यंत पुन्हा लग्न करता येत नाही. म्हणून अनेक ठिकाणी हुकूमनाम्याबरोबर ‘अपील झालेले नाही’ असा दाखलाही मागतात.

तिसऱ्या माणसाची गोष्ट वेगळी. होणाऱ्या सासऱ्याला, भाऊबंदकीच्या दाव्यातल्या चुलत्याला किंवा बँकेला प्रत हवी असेल तर कारण सांगणारे प्रतिज्ञापत्र आणि न्यायालयाची परवानगी लागते. माहितीचा अधिकार हा आडमार्ग इथे बंद आहे. न्यायालयीन अभिलेखांच्या प्रती उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणेच मागाव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये गुजरातच्या एका प्रकरणात सांगितले. वैवाहिक खटल्यांना गोपनीयतेचे आणखी एक कुंपण आहे. हिंदू विवाह कायद्याचे कलम २२ बंद दालनातल्या सुनावणीची तरतूद करते आणि खटल्याचा तपशील छापण्यास मनाई करते. उच्च व सर्वोच्च न्यायालयाचे निकाल तेवढे परवानगीने छापता येतात. थेट प्रक्षेपणाला मान्यता देताना २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैवाहिक खटले त्यातून वगळले.

इथे एक विसंगती आहे. विवाहाची नोंदवही हिंदू विवाह आणि विशेष विवाह या दोन्ही कायद्यांखाली कोणालाही पाहायला खुली आहे, शुल्क भरून उतारा घेता येतो. लग्न जगजाहीर, ते मोडणे बंद दाराआड. दोन्हींमागे कारणे आहेत, पण त्यांची सांगड घालायचा प्रयत्न कोणत्याच कायद्यात दिसत नाही.

कोर्टाबाहेरच्या फारकती

२०११ च्या जनगणनेत देशात घटस्फोटित म्हणून सुमारे १३.६ लाख माणसे मोजली गेली. विभक्त राहणारे मात्र सुमारे ३५ लाख निघाले. मोडलेल्या संसारांपैकी मोठा भाग असा, की ज्याची नोंद शोधायला जावे तर नोंदच नाही. महाराष्ट्रातल्या परित्यक्ता चळवळीने रेशनकार्डापासून घरातल्या वाट्यापर्यंत जे प्रश्न उभे केले, त्यांच्या मुळाशी हीच कागदाची उणीव होती. संजय गांधी निराधार योजनेने घटस्फोटाची प्रक्रिया चालू असलेल्या स्त्रियांनाही सामावून घेतले, ते या वास्तवाला शरण जाऊनच.

मुद्रांकावरच्या फारकतनाम्यांचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९(२) ने रूढीने चालत आलेला घटस्फोट हिंदूंसाठी राखून ठेवला आहे. पण रूढी सिद्ध करावी लागते. ती नसेल तर नोटरीसमोर शंभर-पाचशेच्या कागदावर केलेली फारकत कायद्याच्या दृष्टीने काहीच मोडत नाही. तरी असे कागद रोज होतात आणि काही वर्षांनी वारसाहक्काच्या दाव्यात वर येतात. जातपंचायतींच्या निवाड्यांना २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने वेसण घातली खरी, पण त्या कायद्याचा रोख बहिष्कारावर आहे, जुन्या काडीमोडीचे पुढे काय यावर नाही.

मुस्लिम समाजातले तलाक, खुला (पत्नीच्या पुढाकाराने) आणि मुबारात (परस्परसंमतीने) काझीच्या किंवा जमातीच्या दप्तरात असू शकतात, किंवा नुसत्या पत्रात. तत्काळ तिहेरी तलाक २०१७ मध्ये अवैध ठरला आणि २०१९ च्या कायद्याने तो गुन्हाही झाला. बाकीचे वैध प्रकार कोणी नोंदवायचे, हे महाराष्ट्रात मोकळेच आहे. बंगालमध्ये १८७६ पासून मुस्लिम विवाह आणि घटस्फोट या दोन्हींची ऐच्छिक सरकारी नोंद होत आली, म्हणजे कल्पना मुळीच नवी नाही. चर्चच्या न्यायाधिकरणाने विवाह रद्द ठरवला तरी दिवाणी कायद्यात तो घटस्फोट होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये स्पष्ट केले आहे.

जिथे गाठ बांधलेली आहे

आपल्या अगदी जवळ दोन नमुने आहेत आणि त्यांची चर्चा फार कमी होते.

पहिला पारशांचा. १९३६ च्या कायद्याच्या कलम १० प्रमाणे घटस्फोटाचा किंवा विवाह रद्द झाल्याचा हुकूमनामा झाला की न्यायालयाने त्याची प्रत विवाह निबंधकाकडे धाडायची आणि निबंधकाने ती वेगळ्या नोंदवहीत चढवायची. काम न्यायालयाचे, पक्षकाराने हेलपाटे घालायचे नाहीत. हे मुंबईत, उच्च न्यायालयातल्या पारशी मुख्य विवाह न्यायालयाच्या सावलीत, नऊ दशके चालत आले आहे. समाज लहान आहे हे खरे, पण तरतुदीत लोकसंख्येवर अवलंबून असे काही नाही.

दुसरा गोव्याचा. पोर्तुगिजांनी नोव्हेंबर १९१० मध्ये घटस्फोटाचा आणि डिसेंबरात नागरी विवाहाचा कायदा आणला, त्यामागून नागरी नोंदणीची संहिता आली. मुक्तीनंतरही ही व्यवस्था टिकली. गोव्यात तालुक्याच्या नागरी निबंधक कार्यालयातली नोंद हाच विवाहाचा गाभा आहे, चर्चमधला किंवा देवळातला विधी त्याला पूरक. त्यामुळे घटस्फोट देताना न्यायालय त्या कार्यालयातल्या अमुक क्रमांकाच्या विवाहाची नोंद रद्द करण्याचाच आदेश देते. बार्देशात किंवा सालसेतीत विवाहाचा उतारा काढला की लग्न उभे आहे की मोडले, हे त्याच कागदावर कळू शकते. सावंतवाडीच्या माणसाला सीमेपलीकडच्या म्हापशात जे मिळते ते त्याच्या स्वतःच्या तालुक्यात मिळत नाही. मात्र गोव्याची घडी विवाहनोंदणी आधी झाली म्हणून बसली. महाराष्ट्रात आजी-आजोबांच्या पिढीतली बहुतेक लग्ने कोणत्याच वहीत नाहीत.

अलीकडे आणखी तीन ठिकाणी पावले पडली. जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या उत्तराखंडच्या समान नागरी संहितेने घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची नोंदणी सक्तीची केली आणि खेड्यात ते काम ग्रामपंचायत पातळीवरच्या अधिकाऱ्याकडे दिले. आसामने १९३५ चा जुना कायदा मोडीत काढून २०२४ मध्ये मुस्लिम विवाह आणि घटस्फोट यांची सरकारी नोंदणी सक्तीची केली. केरळात वाट न्यायालयाने काढली. थलश्शेरी नगरपालिकेच्या निबंधकाने तलाकची नोंद करण्यास नियम नसल्याचे सांगून नकार दिला होता. विवाह नोंदवण्याच्या अधिकारातच तो संपल्याची नोंद करण्याचा अधिकार येतो, असे उच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये म्हटले. कारण व्यवहारी होते: पुरुषाला त्याच्या वैयक्तिक कायद्याने दुसरे लग्न करता येते, नोंदवहीतल्या जुन्या ओळीने अडते ती बाई.

तीन भूमिका

पहिली भूमिका सक्तीच्या स्वतंत्र नोंदणीची. विधी आयोगाने ऑक्टोबर २००८ च्या २११ व्या अहवालात विवाह आणि घटस्फोट या दोन्हींच्या नोंदणीसाठी देशभर एक कायदा सुचवला. पाठीराख्यांचे म्हणणे असे, की पहिले लग्न लपवून दुसरे करणाऱ्याला आळा बसेल आणि मोडलेले लग्न मोडले हे सिद्ध करायला स्त्रीला खस्ता खाव्या लागणार नाहीत. नंतर २०१२ च्या विधेयकाने जन्ममृत्यू नोंदणीत विवाह घालायचा प्रयत्न केला. राज्यसभेत ते मंजूर झाले, पण लोकसभेची मुदत संपल्याने बारगळले. २०२३ ची जन्ममृत्यू नोंदणीची दुरुस्ती विवाह-घटस्फोटाला स्पर्श न करता झाली.

दुसरी भूमिका घटस्फोट न्यायालयातच ठेवण्याची. हुकूमनामा केवळ ‘लग्न मोडले’ एवढे सांगत नाही. त्यात क्रूरतेचे आरोप, आजार, मुलांचा ताबा, पोटगी असे सगळे असू शकते. ते गावच्या कार्यालयात गेले तर चावडीवर पोचायला वेळ लागणार नाही, ही भीती काल्पनिक म्हणता येणार नाही. २०१७ मध्ये खासगीपणा मूलभूत हक्क ठरल्यापासून या बाजूला वजन आले आहे. वैवाहिक प्रकरणातल्या पक्षकारांनी आग्रह धरल्यास त्यांची ओळख संकेतस्थळावर देऊ नये, असे केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले. या मताचे लोक म्हणतात की नवी वही उघडण्यापेक्षा नक्कल विभाग सुधारा, जुनी दप्तरे स्कॅन करा.

तिसरी भूमिका मधली: नवी नोंदवही नको, हुकूमनामाही नको. न्यायालयाने निबंधकाला एका ओळीची सूचना धाडावी आणि विवाहाच्या नोंदीसमोर ‘अमुक न्यायालयाच्या अमुक तारखेच्या हुकुमाने संपुष्टात’ एवढेच लिहावे. मला स्वतःला हीच वाट जास्त पटते. कारणमीमांसा न्यायालयात राहते, वस्तुस्थिती नोंदवहीत येते, आणि पारशी कायदा व गोवा यांच्यामुळे ती चालते हे दिसलेले आहे.

परदेशातला पेच

परदेशी गेलेल्या मराठी माणसाला हा प्रश्न दोन्ही बाजूंनी भिडतो. इंग्लंड-वेल्समध्ये १८५८ पासूनच्या घटस्फोटांचा शोध मध्यवर्ती पातळीवर घेता येतो. अमेरिकेत राष्ट्रीय नोंद नाही, हुकूमनामा परगण्याच्या न्यायालयीन कारकुनाकडे असतो. तिथल्या अधिकाऱ्याने ‘घटस्फोट प्रमाणपत्र’ मागितले की इथल्या नातेवाइकांची पालिकेत धावाधाव सुरू होते. खरे तर न्यायालयाची प्रमाणित प्रत, राज्यस्तरावरची पडताळणी आणि परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल असा क्रम आहे. भारतात अपोस्टिल, म्हणजे आंतरराष्ट्रीय कराराखालचे साक्षांकन, २००५ पासून चालते. संयुक्त अरब अमिराती त्या करारात नसल्याने तिथे दूतावासाचे साक्षांकन लागते. उलट दिशेने, परदेशी न्यायालयाने दिलेला घटस्फोट इथे मानायचा की नाही, हे दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम १३ आणि सर्वोच्च न्यायालयाचा १९९१ चा निकाल ठरवतात. दुसरा पक्ष हजरच नव्हता, किंवा घटस्फोटाचे कारण इथल्या कायद्यात नाही, अशा हुकुमाला भारतात मान मिळेलच असे नाही.

काय सुटलेले नाही

मधली वाट स्वीकारली तरी गाठी उरतात. विवाहच नोंदलेला नसेल तर शेरा कुठे मारायचा? लग्न नाशिकला नोंदले आणि घटस्फोट पुण्यात झाला, तर सूचना कोणत्या यंत्रणेतून जाईल? शेरा हुकुमाच्या दिवशी मारायचा की अपिलाची मुदत टळल्यावर, आणि अपिलात हुकूम फिरला तर तो खोडायचा कसा? परदेशी हुकूमनामा वैध आहे का, किंवा रूढीची फारकत खरी आहे का, हे ठरवणे ग्रामसेवकावर टाकता येणार नाही. केरळच्या निकालाने कोर्टाबाहेरच्या घटस्फोटाची नोंद शक्य केली, पण पतीने तलाक नाकारला तर निबंधकाने काय करायचे, याचे उत्तर राज्यागणिक वेगळे पडू शकते. खुली विवाहनोंदवही आणि २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा यांचा मेळ कसा घालायचा, हाही वाद पुढे येणारच.

धोरण ठरेपर्यंत ज्यांचा निकाल लागतो आहे त्यांनी एवढे करावे: हुकूमनाम्याच्या मोफत प्रतीवर न थांबता त्याच आठवड्यात आणखी दोन-तीन प्रमाणित प्रती काढाव्यात, अपिलाची मुदत संपल्यावर ‘अपील नाही’ असा दाखला घ्यावा, आणि सीएनआर क्रमांक घरातल्या दुसऱ्या विश्वासू माणसाकडेही लिहून ठेवावा. पुढे नक्कल पुन्हा काढायची वेळ आली, तर अर्जात सर्वांत आधी तोच क्रमांक लागतो.